लिफ्ट केलेल्या गाडीचे पुढचे रेडियस आर्म: हरवलेला कॅस्टर परत कसा आणायचा

गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसवून ती पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर काढली की एक बदल हाताला लगेच जाणवतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, हाताने परत आणावं लागतं. वेग वाढला की गाडी एका रेषेत राहत नाही, रस्त्यावरच्या चाकोरीत टायर ओढले जातात, ब्रेक दाबला की नाक इकडेतिकडे फिरतं. पुष्कळ जण याचा दोष मोठ्या टायरांना देतात आणि जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके शोषणारा दांडा) विकत घेतात. दोष बहुतेक वेळा पुढच्या आर्मच्या कोनात असतो. तो बदलला की कॅस्टर कमी होतो, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने पाहताना मागे असलेला झुकाव. हा कोन मोजून दुरुस्त करता येतो.

हा लेख पुढे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच आडव्या कण्यावर), कॉइल स्प्रिंग आणि रेडियस आर्म (ॲक्सलला चासीशी जोडणारे लांब दांडे) असलेल्या गाड्यांसाठी आहे. लँड रोव्हर डिफेंडर, डिस्कव्हरीच्या पहिल्या दोन पिढ्या, टोयोटा लँड क्रूझर ८० आणि १०५, निसान पेट्रोल वाय६० आणि वाय६१, १९९८ नंतरची सुझुकी जिम्नी या सगळ्या याच घराण्यातल्या. पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र आर्मवर असलेल्या गाडीचं गणित वेगळं असतं. तिथे वरचा आर्म बदलावा लागतो आणि कॅस्टरबरोबर कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेर झुकाव) हलतो. खालच्या पायऱ्या त्या गाडीला लावू नका.

कोन जातो कुठे

रेडियस आर्म पुढच्या टोकाला ॲक्सलला दोन बुशांनी (बोल्टभोवतीच्या रबरी गाद्या) पकडतो, एक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे. मागचं टोक एकाच बुशाने चासीला जोडलेलं असतं. पुढे दोन बोल्ट असल्यामुळे आर्म आणि ॲक्सल एकमेकांच्या संदर्भात जवळजवळ हलत नाहीत. चासी वर उचलली की आर्मचं मागचं टोक वर जातं, आर्म तिरका होतो आणि ॲक्सलला तेवढ्याच अंशांनी फिरवतो. किंग पिनचं (चाक ज्यावर वळतं तो खिळा) वरचं टोक पुढे झुकतं, म्हणजे कॅस्टर कमी होतो. त्याच वेळी ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) तोंड असलेला ॲक्सलचा पिनियन, म्हणजे शाफ्ट जोडला जातो तो दांडा, वर उचलला जातो.

किती अंश गेले ते काढायला लिफ्टला आर्मच्या लांबीने भागा आणि ५७.३ ने गुणा. लांबी म्हणजे ॲक्सलच्या मध्यापासून चासीकडच्या बुशाच्या मध्यापर्यंतचं अंतर. आर्म ८०० मिमी आणि लिफ्ट ५० मिमी असेल तर ५० भागिले ८०० गुणिले ५७.३, म्हणजे साधारण ३.६ अंश. मूळ कॅस्टर ३ अंश असेल तर आता तो उणे अर्ध्या अंशाच्याही खाली गेला. टायरची त्रिज्या ३५० मिमी धरली तर ३ अंशांना किंग पिनची रेषा टायर जिथे टेकतो त्याच्या सुमारे १८ मिमी पुढे जमिनीला भिडते. चाकाला सरळ ओढून ठेवणारं अंतर तेच. उणे कॅस्टरला ती रेषा टायरच्या मागे जाते आणि चाकाला स्वतःहून वळायची ओढ लागते. आर्म जितका आखूड तितकं हे नुकसान जास्त. म्हणूनच आखूड आर्मच्या छोट्या गाडीला ४० मिमीची लिफ्टसुद्धा त्रास देते, आणि लांब आर्मची मोठी गाडी तेवढी लिफ्ट सहज पचवते.

आधी मोजा

किटच्या खोक्यावर छापलेल्या उंचीवर विसंबू नका. ५० मिमी लिहिलेल्या स्प्रिंग रिकाम्या गाडीला ६५ मिमी उचलतात, आणि लोखंडी बंपर व विंच चढवल्यावर ४० वर येतात. चाकाच्या हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा, लिफ्टच्या आधी आणि नंतर. नवीन स्प्रिंग थोड्या बसतात, त्यामुळे नंतरचं माप गाडी ५०० किमी चालवल्यावर घ्या. नेहमी असतो तेवढा भार गाडीत ठेवा, टायरमध्ये हवा सारखी भरा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उचलली असेल तर तेही कॅस्टरमधून वजा होतं. व्हीलबेस २४०० मिमी असताना मागचा भाग ३० मिमी जादा वर गेला तर ०.७ अंश कमी होतात.

कॅस्टरचा खरा आकडा अलाइनमेंट मशिनवर घ्या. गाडीत बदल करण्याआधीचा छापील कागद जपून ठेवा. घरी काम करताना डिजिटल कोनमापक पुरतो. किंग पिनच्या वरच्या टोपीचा किंवा ॲक्सलच्या टोकाचा मशिनिंग केलेला सपाट पृष्ठभाग शोधा, गंज आणि रंग खरवडून काढा, मापक गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा आणि आकडा लिहा. हा आकडा म्हणजे कॅस्टर नव्हे. काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा ठेवलं की जो फरक दिसेल तेवढाच कॅस्टर बदलला. डावी आणि उजवी बाजू दोन्ही मोजा. दोन बाजूंमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक निघाला तर ॲक्सलची नळी पिळलेली आहे किंवा एखादा बुश फाटलेला आहे. ते आधी सोडवा. वाकलेल्या ॲक्सलवर सुधारणा करण्यात अर्थ नाही.

लक्ष्य कंपनीच्या मूळ आकड्याइतकं ठेवा, फार तर अर्धा अंश वर. मोठ्या टायरची त्रिज्या वाढल्यामुळे त्याच कॅस्टरला ओढीचं अंतर आपोआप थोडं वाढतं, त्यामुळे ५–६ अंशांच्या मागे लागायची गरज नाही. तिथे स्टिअरिंग जड होतं, चाकं थरथरायची शक्यता वाढते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा (ट्रान्सफर केसकडून ॲक्सलला ताकद नेणारा फिरता दांडा) कोन बिघडतो.

कोणता उपाय केव्हा

पहिला उपाय ऑफसेट बुशांचा. बाहेरून हे मूळ बुशासारखेच, पण बोल्ट जिच्यातून जातो ती आतली नळी मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली असते. आर्मच्या पुढच्या दोन डोळ्यांमध्ये (बुश बसतात त्या गोल भोकांमध्ये) १६० मिमी अंतर असेल आणि प्रत्येक बुशाची नळी ४ मिमी सरकलेली असेल, तर एक वर आणि एक खाली बसवल्यावर ८ भागिले १६० गुणिले ५७.३, म्हणजे २.९ अंश परत मिळतात. कापाकाप नाही, वेल्डिंग नाही, आणि पसंत नाही पडलं तर जुने बुश परत बसवता येतात. तोटा एकच. नळीच्या एका बाजूला बुशाचा थर पातळ राहतो आणि तो लवकर फाटतो. ३ अंशांच्या आसपासच्या तुटीला आमची पहिली पसंती हीच.

दुसरा उपाय ॲक्सलच्या ब्रॅकेटवर करेक्शन प्लेट लावून बोल्टचं भोक सरकवायचा. बुश मूळचेच राहतात, त्यामुळे खडकाळ वाटेवर जास्त टिकतात. बोल्टने कसलेली प्लेट वेल्ड केल्याशिवाय भरवशाची नसते, आणि एकदा वेल्ड झाली की माघार नाही.

तिसरा उपाय चासीकडचं ब्रॅकेट खाली आणायचा. ५० मिमी लिफ्टला ५० मिमी खाली आणलं की आर्म मूळ कोनात येतो आणि सगळं गणित एका फटक्यात जागेवर बसतं. खड्ड्यावरून जाताना चाकाचा दणकाही कमी जाणवतो, कारण आर्म पुन्हा आडवा झालेला असतो. किंमत मोजावी लागते ती पोटाखालच्या जागेची. गाडी उचलली ती खडक ओलांडायला, आणि त्याच खडकाला आता हे ब्रॅकेट अडकतं. चासीवरचा पिळही वाढतो, म्हणून दोन्ही ब्रॅकेटना जोडणारी आडवी पट्टी नसलेलं किट घेऊ नका.

चौथा उपाय पूर्ण नवीन आर्मचा. यात डोळ्यांचा कोन आधीच फिरवलेला असतो, आणि काही आर्म मागच्या टोकालाही वाकवलेले असतात. डिफेंडरसारख्या गाडीत आर्मचं मागचं टोक पिनसारखं असून दोन रबरांमधून ब्रॅकेटच्या आरपार जातं. लिफ्टनंतर ही पिन तिरकी बसते, रबर एका बाजूला चेपतं आणि पिनच्या आट्यांपाशी थकवा साठतो. वाकवलेलं टोक हा ताण काढून टाकतं. ७५ मिमी आणि त्यावरच्या लिफ्टला हाच मार्ग धरा.

कंपनीचे आर्म लाल होईपर्यंत तापवून वाकवणं, किंवा कापून कोन फिरवून परत वेल्ड करणं, हे करू नका. फोर्जिंग केलेल्या पोलादाची ताकद त्याच्या उष्णता-प्रक्रियेत असते आणि तापवल्यावर ती जाते. ब्रेक दाबल्यावर पुढच्या ॲक्सलला पुढे फिरवणारा सगळा पिळ हेच दोन आर्म पेलतात. असा आर्म जोरात ब्रेक दाबल्यावर तुटतो, म्हणजे गाडी थांबवण्याची गरज सर्वांत जास्त असते त्या क्षणी.

काम सुरू करण्याआधी बदलासाठी कोणती परवानगी किंवा तपासणी लागते तेही पाहून घ्या. ब्रॅकेट आणि वेल्डिंगचे नियम बुशांपेक्षा बहुधा कडक असतात.

ऑफसेट बुश बसवण्याचं काम

लागणारं सामान: भक्कम सपाट जमीन, ट्रॉली जॅक, चासीखाली लावायला किमान दोन स्टँड, चाकांना उटी, टॉर्क पाना, कोनमापक, रंगाचा मार्कर, हायड्रॉलिक प्रेस आणि बुशाच्या बाहेरच्या कवचाएवढ्या व्यासाचे ठोकळे. नट नवीन घ्या. बोल्ट बदलायचे असतील तर त्याच ग्रेडचे. डोक्यावर १०.९ कोरलेला बोल्ट काढून कमी ताकदीचा ८.८ बसवणं ही चूक अनेकदा होते.

मागच्या चाकांना पुढून-मागून उटी लावा. गाडी जमिनीवर असतानाच आर्मचे सगळे नट फक्त सैल करा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच भेदक तेल मारून ठेवा. मग चासी स्टँडवर घ्या, चाकं काढा आणि ट्रॉली जॅकने ॲक्सलला खालून आधार द्या. ॲक्सल पूर्ण लटकू दिला तर स्प्रिंग बैठकीतून निघते, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते. दोन्हींचे क्लिप आधीच सोडून ठेवा.

एका वेळी एकच आर्म काढा. दुसरा आर्म आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) जागेवर असले तर ॲक्सल भलतीकडे सरकत नाही. पुढचे दोन बोल्ट काढा, मग मागचा नट, आणि आर्म खाली उतरवा. बोल्ट अडकला तर ॲक्सलवरचा जॅक दोन-चार मिमी वरखाली करा, भार निघाल्यावर तो हाताने सरकतो. आट्यांवर हातोडी मारू नका.

जुना बुश प्रेसने काढताना दाब बाहेरच्या कवचावरच पडला पाहिजे. आतल्या नळीवर दाबलं तर रबर फाटून नळी बाहेर येते आणि कवच आतच राहतं. तसं झालं तर हॅकसॉचं पातं आतून घालून कवचाला एक चीर द्या, पण डोळ्याच्या भिंतीला ओरखडा पडण्याआधी थांबा. खोल ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. डोळा आतून साफ करा आणि कडेची धार हलकेच मोडा.

इथून पुढचा भाग घाईने केला की सगळं काम वाया जातं. पुढच्या दोन डोळ्यांचे मध्य जोडणारी सरळ रेषा मार्करने आर्मवर आखा. त्या रेषेला काटकोनात प्रत्येक डोळ्यावर एक खूण करा. नवीन बुशाची नळी ज्या बाजूला सरकली आहे ती बाजूही रंगवा. ॲक्सलच्या पुढच्या बुशाची नळी वर आणि मागच्या बुशाची नळी खाली आली पाहिजे. म्हणजे ॲक्सलची पुढची बाजू उचलली जाते, मागची बसते आणि किंग पिनचं डोकं मागे झुकतं. उलटं बसवलं तर गेलेल्या ३.६ अंशांवर आणखी २.९ जातील, आणि ती गाडी चालवण्याच्या लायकीची राहणार नाही.

खूण काटकोनापासून २० अंश चुकली तर कॅस्टरमध्ये फार फरक पडत नाही, जेमतेम सहा टक्के कमी मिळतो. पण त्याच चुकीने नळी ४ मिमीपैकी १.४ मिमी पुढे किंवा मागे सरकते. दोन्ही बुश एकाच दिशेने फिरलेले असतील तर दोन भोकांमधलं अंतर २.७ मिमीने बदलतं आणि दुसरा बोल्ट ब्रॅकेटमध्ये शिरतच नाही. मग लोक भोक मोठं करायला बसतात. तसं करू नका, बुश काढून परत बसवा. बसवताना रबराच्या बुशाला साबणाचं पाणी लावा, पॉलियुरेथेनला सिलिकॉनचं ग्रीस. साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं.

आर्म परत चढवताना आधी मागचं टोक चासीत सैल अडकवा, मग पुढच्या दोनपैकी एक बोल्ट. दुसरं भोक जुळणार नाही, कारण ॲक्सलला आता थोडं फिरायचं आहे. जॅक डिफरन्शियलच्या पुढच्या जाड कडेखाली घ्या, पातळ झाकणाखाली नको, आणि हळूहळू उचला. ॲक्सलचं पुढचं अंग वर येतं, पिनियन खाली जातो आणि बोल्ट सरकतो. पहिल्या बाजूला दुसऱ्या बाजूचा जुना आर्म विरोध करतो. तिथे दुसरा बोल्ट नुसता अडकवून ठेवा, किंवा त्या बाजूचाही एक बोल्ट काढून मोकळीक द्या. दोन्ही बाजूंचे बुश एकाच मापाचे हवेत. एका बाजूला २ अंश आणि दुसरीकडे ३ असं झालं की ॲक्सल कायमचा पिळात राहतो आणि बुश काही आठवड्यांत फाटतात.

चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवा, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबून हलवा, आणि मगच सगळे नट गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करा. रबराचा बुश नळी आणि कवच दोन्हींना चिकटलेला असतो. ॲक्सल लटकत असताना घट्ट केला तर जमिनीवर येताच तो कायमचा पिळला जातो. प्रत्येक नट, बोल्ट आणि बुशावरून आर्मवर जाणारी एक आडवी रेघ मार्करने ओढून ठेवा.

मग बाकीची साखळी

प्रॉपेलर शाफ्ट आधी बघा. साध्या दोन क्रॉसच्या (दोन्ही टोकांना एकेक वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट) शाफ्टला दोन्ही टोकांचे फ्लँज समांतर लागतात. गाडी पुढे-मागे सारखीच उचलली असेल तर कॅस्टर मूळ आकड्यावर आल्यावर पिनियनही जवळपास मूळ कोनात येतो आणि फ्लँज पुन्हा समांतर होतात. दोन्हींवर कोनमापक ठेवा, फरक एक अंशाच्या आत असावा. प्रत्येक क्रॉसचा स्वतःचा कोन मात्र लिफ्टमुळे वाढलेलाच राहतो. चासी स्टँडवर घेऊन ॲक्सल पूर्ण खाली सोडा आणि शाफ्ट हाताने फिरवा. एखाद्या जागी अडखळला तर योकच्या (क्रॉसला धरणारे दुबेळके) कडा एकमेकांना लागत आहेत. तिथे रुंद कोनाचा योक लागेल. सरकत्या सांध्याची किती लांबी आत उरली तेही पाहा. ज्या शाफ्टला एका टोकाला दुहेरी क्रॉस असतो, तिथे पिनियनचं तोंड शाफ्टच्या रेषेत हवं. अशा गाडीत कॅस्टर वाढवला की पिनियन त्या रेषेतून खाली जातो, आणि कधी कधी दोन्हींमध्ये तडजोड करावी लागते. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ही चूक ताबडतोब थरथरीच्या रूपाने कळते. पुढचे हब सुटणाऱ्या गाडीत फोर-व्हील लावेपर्यंत लपून राहते.

पॅनहार्ड रॉड लिफ्टनंतर तिरका होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. ८५० मिमी लांबीच्या रॉडची दोन टोकं आधी १०० मिमी वरखाली असतील आणि आता १५० झाली, तर सरक ७ मिमीच्या वर जाते. कमीजास्त होणारा रॉड लावून ॲक्सल मध्यावर आणा. फक्त पॅनहार्डचं ब्रॅकेट खाली आणून ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) तशीच ठेवू नका. हे दोघे समांतर राहिले तरच खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून वळत नाही.

ज्या गाड्यांत ट्रॅक रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) ॲक्सलच्या मागे असतो, तिथे ॲक्सल मागे झुकला की तो रॉडही खाली उतरतो. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, एकदा चाकं लटकलेली असताना आणि एकदा एका बाजूला जॅकने पूर्ण दाबून. रॉड, आर्म आणि टायर यांच्यात १० मिमीपेक्षा कमी जागा उरली तर पुढे जाऊ नका. लिफ्टमुळे ॲक्सल काही मिमी मागेही सरकलेला असतो, म्हणून मडगार्डची मागची कड टायरला आधी लागते. शेवटी टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर रोख) सेट करून घ्या आणि स्टिअरिंग मध्यावर आणा.

मोकळ्या जागेत ताशी २५ किमीने गाडी वळवा आणि पकड ढिली करा, हात चाकाजवळच ठेवा. स्टिअरिंग एकाच संथ ओढीने सरळ आलं पाहिजे. अर्ध्यात थांबलं तर कॅस्टर अजून कमी आहे किंवा किंग पिनचं बेअरिंग जास्त घट्ट आहे. मग ताशी ६० ला ब्रेक दाबा. नाक भरकटलं तर बुश फार मऊ आहेत किंवा बोल्ट सैल आहे, कारण ब्रेकचा पिळ ॲक्सलचं डोकं पुढे ढकलतो आणि तेवढ्या वेळापुरता कॅस्टर खातो. एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरजोरात हलायला लागलं तर डॅम्पर बदलण्याआधी पॅनहार्डचे बुश, किंग पिन बेअरिंग आणि चाकांचं बॅलन्सिंग तपासा.

दगडगोट्यांच्या वाटेवर एक चाक वर आणि एक खाली गेलं की दोन आर्म वेगवेगळ्या कोनात जातात. मध्ये असलेला ॲक्सल ते होऊ देत नाही, त्यामुळे तो फरक बुशांनाच गिळावा लागतो. फार कडक पॉली बुश हे करत नाहीत आणि भार ब्रॅकेटच्या वेल्डवर जातो. म्हणून पहिल्या खडतर फेरीनंतर ब्रॅकेटच्या मुळाशी साफ पुसून तडे बघा. पहिल्या १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर टॉर्क तपासा, आणि मार्करच्या रेघा निरखून पाहा. नटावरची रेघ सरकली असेल तर नट सैल झाला आहे. बुशावरची सरकली असेल तर बुश डोळ्यातच फिरला आहे, आणि तो आर्म परत उतरवून डोळ्याचा व्यास मोजावा लागेल.